अर्थ बदलला म्हणून शब्द चुकत नाही

शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ या नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात राजा बातमी देतो, की डग्लस ‘डिसकम्फिट’ झाला. पाठोपाठ दहा हजार स्कॉट रक्ताच्या थारोळ्यात पडल्याचेही तो सांगतो. म्हणजे डग्लसचा पुरता धुव्वा उडाला. १६११ च्या इंग्रजी बायबलात यहोशवा अमालेक्यांना तलवारीने ‘डिसकम्फिट’ करतो, तोही पराभवच. आज मात्र अडचणीच्या प्रश्नाने कुणी पुढारी गांगरला, तरी इंग्रजी लिहिणारे हाच शब्द वापरतात. शुद्धतावाद्यांना हे खटकते. जुन्या फ्रेंचमधल्या ‘पराभव करणे’ या क्रियापदातून आलेल्या या शब्दाची ‘डिसकम्फर्ट’ या वेगळ्या मुळाच्या शब्दाशी निव्वळ उच्चारसाम्यामुळे गल्लत झाली, असे ते म्हणतात.

व्युत्पत्ती बरोबर आहे, पण तिच्यावरून नवा अर्थ चुकीचा ठरत नाही. मूळ अर्थच खरा मानायचा, तर मराठीत कुणालाच राजीनामा देता येणार नाही. राजी म्हणजे संमत आणि नामा म्हणजे पत्र. हिंदीत आजही राजीनामा म्हणजे वादी-प्रतिवादींमधली तडजोड; आपण मात्र तो देऊन खुर्ची सोडतो. संस्कृतात शिक्षा म्हणजे अध्ययन, मराठीत दंड. यावर कुणी म्हणेल, की हे अर्थ ओघाने बदलले, इंग्रजीत तर घोटाळा झाला. पण हरलेला माणूस गांगरतोच. पराभवापासून गोंधळापर्यंतची वाट उच्चारसाम्याने फार तर सोपी केली. शिवाय जाणते लेखक पिढ्यानपिढ्या ज्या अर्थाने शब्द वापरतात आणि वाचकाला तो बिनचूक कळतो, त्या अर्थाचा जन्म कसा झाला याची चौकशी करून काय साधणार?

म्हणून काहीही चालेल, असे नव्हे. कालपरवाची चूक आणि रुळलेला अर्थ यांत फरक करावाच लागतो. जुना अर्थ विसरण्याचा तोटाही खरा आहे, कारण आजच्या अर्थाने वाचणाऱ्याला डग्लस नुसताच ओशाळलेला दिसेल. त्यावर उपाय नव्या अर्थाला बंदी हा नाही. कोणता अर्थ कोणत्या काळात चालत होता, हे दाखल्यांसह सांगणारा कोश हवा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने इंग्रजीसाठी ते काम केले. मराठीत दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने जुन्या ग्रंथांतले दाखले देऊन त्याची वाट दाखवली. वर्तमानपत्रांतल्या चुका काढण्यात जाणारी आपली शक्ती ते काम पुढे नेण्यात लागली, तर भाषेचे अधिक भले होईल.