खर्जाची खरेदी

दोस्तांनो, सांगलीहून एक पत्र आलंय. लिहिणारी मुलगी नुकतीच दहावीच्या परीक्षेतून मोकळी झालेली. चौघी मैत्रिणींनी मिळून बँड काढलाय. दोघी गिटारवाल्या, एक ड्रमवाली, आणि हिच्या वाट्याला आलीय बेस गिटार. बाबांनी २५ हजार रुपये कबूल केलेत. "काळीभोर, पाच तारांची, सोनेरी खुंट्यांची एक बघून ठेवलीय. सगळे पैसे तिच्यातच जातील. घेऊ का?" असा तिचा प्रश्न. पण पत्र तिथे संपत नाही. खाली वेगळ्या अक्षरात आईने दोन ओळी लिहिल्यात : "आधी की-बोर्ड झाला, मग स्केटिंग झालं. ही वस्तू तरी कपाटावर जाणार नाही, असं काही करता येईल का?"

खरं सांगू? मला आईचा प्रश्न जास्त आवडला. म्हणून आजचं उत्तर दोघींना. आणि ज्यांच्या घरात हाच वाद चालू आहे, त्या सगळ्यांना.

बेस गिटार म्हणजे काय, ते आधी आजी-आजोबांना समजावून देऊ. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार, पण चांगल्या जाडजूड. गिटारच्या जाड चार तारांचे जे सूर, तेच इथे एक सप्तक खाली उतरून येतात. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. इतका खर्जातला सूर मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला पेलतच नाही. त्यामुळे गाण्यात बेस आहे की नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. तबल्यातला डग्गा काढून घेतला तर काय होईल? बोल कळतील, पण गाणं पोकळ वाटेल. बेसचं तसंच आहे. असताना लक्ष जात नाही, नसली की चुकल्यासारखं होतं.

पूर्वी हे काम डबल बेस नावाचं माणसाहून उंच वाद्य करायचं. ते घेऊन बसमध्ये चढून दाखवा बरं! १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. लाकडाची भरीव फळी, तिला स्क्रूने जोडलेली मान, आणि मानेवर धातूचे पडदे, म्हणजे फ्रेट. फ्रेट असल्यामुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. तारेची लांबी त्यांनी ३४ इंच ठेवली, ती आजही बहुतेक बेसना तेवढीच असते. सत्तर वर्षांहून जुना आराखडा हा! तो इतका साधा आहे, की आता स्वस्तातल्या कारखान्यांनाही चांगला जमतो. तुमच्या बाबांच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी.

स्वस्त बेसला नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९६१ साली बीटल्सचा पॉल मॅकार्टनी जर्मनीत हॅम्बुर्गला वाजवत होता. फेंडर घ्यायला खिशात पैसे नव्हते. त्याने व्हायोलिनच्या आकाराची हॉफ्नर कंपनीची बेस घेतली, साधारण ३० पौंडांना. तो डावखुरा. त्या बेसचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून उलटी धरली तरी विचित्र दिसायची नाही! पुढे बीटल्सची पहिली गाणी त्याच बेसवर वाजली. १९७२ साली लंडनमध्ये ती एका व्हॅनमधून चोरीला गेली, आणि सापडल्याची बातमी २०२४ साली जाहीर झाली.

आता माझी गोष्ट. ही काही कुठल्या पुस्तकात नाही. मी अकरावीत असताना बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून मला एक सेकंडहँड बेस घेऊन दिली. लालचुटुक, आरशासारखी चकाकणारी. विकणाऱ्याच्या घरी संध्याकाळी गेलो, दिवे गेले होते, तरी मेणबत्तीच्या उजेडात तिचा रंग बघून मी हो म्हणालो. वाजवून बघितलीच नाही! घरी आल्यावर कळलं, की मानेच्या मध्यावर तार दाबायची तर बोटाला सुतळी बांधून ओढल्यासारखं व्हायचं. बोटं सोलली. पुढचे सूर बेसूर यायचे. मला वाटलं, दोष माझ्याच बोटांत आहे. वर्षभर झगडलो आणि सोडून दिलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी तिला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलं, एवढंच.

दोन वर्षांनी आमच्या चाळीत लग्न होतं. ऑर्केस्ट्रात एक वयस्कर गोवेकर अंकल बेस वाजवत होते. मी भीत भीत माझं गाऱ्हाणं सांगितलं. "आण बघू," म्हणाले. सुतार फळी बघतो तसं त्यांनी एक डोळा मिटून मानेच्या टोकाकडून बघितलं आणि हसले. "अरे बाबा, बोटं चांगली हायत तुझी. मान वाकलीय हिची." खिशातून षटकोनी किल्ली काढली, मानेच्या टोकाशी घालून थोडीशी पिळली, मग घोडीवरचे बारीक स्क्रू फिरवून तारा खाली घेतल्या. पंधरा मिनिटांचं काम! मी वाजवायला लागलो. बाबांनी हातातला पेपर बाजूला ठेवला.

झालं होतं काय? चार जाड तारा मिळून मानेला सुमारे ८० किलोंच्या जोराने ओढत असतात. अख्खा माणूस लोंबकळत असल्यासारखं! मान धनुष्यासारखी वाकू नये म्हणून तिच्या पोटात एक पोलादी कांब घातलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, मग ही कांब थोडी आवळावी किंवा सैल करावी लागते. याला दुकानदार 'सेटअप' म्हणतात. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. शेजारच्या मिरजेत तंबोरे बनतात ना? नवा कोरा तंबोरासुद्धा जवारी लावल्याशिवाय बोलत नाही. बेसचंही तेच. न लावलेली ४० हजारांची बेस आणि नीट लावलेली १५ हजारांची, यांत मी डोळे मिटून दुसरी उचलीन. ट्रस रॉडला घरी मात्र हात लावू नका बरं का! एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही, आणि पहिल्यांदा जाणत्या माणसाकडूनच.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा रंग शेवटी बघा. दोन तास हाताशी ठेवा आणि वाजवणारं कुणी ओळखीचं असेल तर सोबत न्या. आधी एका डोळ्याने मान बघा. किंचित खोलगट असेल तर चालतं, पण पिळवटलेली दिसली तर बेस परत ठेवा, ती कुणालाच दुरुस्त होत नाही. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटच्या आसपास, तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. बाराव्या फ्रेटवर मोकळ्या तारेची उंची दोन-अडीच मिलिमीटर असली की बोटांना त्रास होत नाही. (खिशात शाळेची पट्टी न्या. दुकानदार हसला तर हसू द्या.)

आता चारही तारांवर एकेक फ्रेट दाबत जा. कुठे खरखर येते का? बाराव्या फ्रेटवर तार नुसती हलकेच स्पर्शून एक सूर काढा, मग तिथेच दाबून काढा. दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. फरक असेल तर घोडी सरकवून तो बहुधा निघतो, पण दुकानदाराने तुमच्यासमोर काढून दाखवायला हवा. मग अँपला जोडून बटणं फिरवा, वायर किंचित हलवा. करकर आवाज आला तर आतलं काम कच्चं आहे. शेवटी पट्टा गळ्यात घालून दोन्ही हात सोडून द्या. काही बेस डोक्याकडून धाडकन खाली झुकतात. अशी बेस घेतलीत तर डावा हात सूर दाबण्याऐवजी तिला सावरण्यातच दमेल.

आणि त्या पाच तारांचं काय? माझं मत स्पष्ट आहे. आत्ता नको. पाचवी तार सेकंदाला सुमारे ३१ कंपनांपर्यंत खाली जाते, आणि तुम्हाला परवडणाऱ्या अँपमधून तो सूर म्हणजे नुसती गुरगुर. शिवाय मान रुंद होते. जगातली कितीतरी अजरामर गाणी चार तारांवर झालीत. मोटाउन कंपनीच्या गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन चार तारांची प्रिसिजन वाजवत. तेही उजव्या हाताच्या एकाच बोटाने, आणि तारा सहसा बदलायच्याच नाहीत! यामाहा, आयबानेझ, कॉर्ट, किंवा फेंडरचीच स्वस्त बहीण स्क्वायर, यांच्या चार तारांच्या साध्या बेस बघा. हात लहान असतील तर ३० इंची, आखूड मानेच्या बेसही मिळतात. आयबानेझची मायक्रो तर २८.६ इंचांचीच. आपल्या मुंबईची मोहिनी डे, जी आज जगभर वाजवते, तिने बेस वाजवणाऱ्या वडिलांकडून अगदी चिमुकल्या वयात धडे घेतले. तेव्हा हात लहान आहेत ही सबब चालायची नाही.

काही बेसच्या पोटात ९ व्होल्टची बॅटरी असते. वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवा, नाहीतर रात्रभर बॅटरी जळत राहील आणि ऐन कार्यक्रमात बेस मुकी होईल.

आता अँप. इथे खूप पैसे फुकट जातात. खालचे सूर आपल्या कानाला मुळातच कमी ऐकू येतात, म्हणून ड्रमच्या जोडीने वाजवायला बेसला गिटारहून कितीतरी जास्त ताकद लागते. शंभर वॅट तरी हवेत. एवढा अँप २५ हजारांत बेससकट बसत नाही आणि रिक्षातही बसत नाही! मग? घरच्या सरावासाठी हेडफोनचा छोटा अँप घ्या. बेसमध्ये खोचायचा, कानाला हेडफोन लावायचा, शेजाऱ्यांची झोप शाबूत. गिटारच्या किंवा टेपच्या स्पीकरमधून बेस मोठ्याने वाजवू नका, कागदी पडदा फाटतो. आणि स्टेजवर? तिथे मंडळाची ध्वनियंत्रणा असतेच. तिला बेस जोडायला डी.आय. बॉक्स लागतो. मुठीएवढा पत्र्याचा डबा. बेसचा नाजूक सिग्नल तो लांब वायरीतून नेण्याजोगा करतो, आणि त्याच्यावर बहुधा 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असतं, ते दाबलं की घूंऽऽ असा हुंकार बऱ्याचदा थांबतो. गणपतीत वाजवणाऱ्यांनी मोठ्या अँपआधी हा डबा घ्यावा.

वायर मात्र चांगली, १५ फुटांची. पट्ट्यातून एक वेढा देऊन मग बेसला जोडा, म्हणजे कुणाचा पाय पडला तरी निघणार नाही. पट्टा रुंद घ्या, चार किलो वजन खांद्यावर पेलायचंय. ड्रमशेजारी उभं राहणार असाल तर कानातले फोमचे बोळे खिशात असू द्या.

पालकांनो, एक गंभीर गोष्ट तुमच्यासाठी. मांडवातली वीज स्वतः तपासून घ्या. पिनेचा अर्थिंगचा पाय कापून प्लग बसवलेला दिसला, तर मुलांना वाजवू देऊ नका. बेसच्या तारेला एक हात आणि माईकला ओठ, अशात शॉक बसतो. १९७२ साली स्वान्सीला लेस हार्वी हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माईकमुळे स्टेजवरच गेला. डी.आय. बॉक्सचं बटण म्हणजे अर्थिंग नव्हे, हेही लक्षात असू द्या.

२५ हजारांचा माझा हिशोब असा : बेसला १६-१७ हजार, सेटअपला हजारभर, हेडफोन अँपला साडेतीनच्या आसपास, डी.आय. बॉक्सला दोन, आणि वायर, पट्टा, सूर जुळवायचा चिमटा यांना उरलेले. दुकानागणिक थोडंफार इकडेतिकडे होईल. सोनेरी खुंट्यांना यात जागा नाही, माफ कर!

आणि आई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका लोखंडी स्टँडमध्ये आहे. हिशोबाबाहेरचे पाच-सहाशे रुपये घाला, पण तो घ्या. बेस पिशवीत घालून कपाटावर ठेवली की ती काढायलाच दहा मिनिटं लागतात, मग आज कंटाळा, उद्या क्लास. बाहेरच्या खोलीत स्टँडवर उभी असली, की येता-जाता हात लागतो. माझी लाल बेस अजून तशीच उभी आहे, टीव्हीशेजारी.

सांगलीच्या मुली, तुझ्या बँडला नाव काय ठेवलंस ते कळव. आणि भाद्रपदात कुठल्या मंडळासमोर वाजवणार तेही. पुढच्या आठवड्यात ड्रमवाल्यांची पत्रं घेऊ. त्यांच्या शेजाऱ्यांचीही दोन आलीत!