यंत्र आज्याचा कागद मागत नाही

जुलै २०१८ मध्ये गुगलच्या क्रोमने एक शिक्का काढला. ज्या संकेतस्थळाकडे प्रमाणपत्र नाही त्याच्या पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असं लिहून यायला लागलं. वाचणारं पोरगं बिचकतं, बोट मागं घेतं. आत काय लिहिलंय ते बघतच नाही. कपाळावरचे शिक्के आपल्याला नवे नाहीत. पण हा शिक्का पुसायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही, अर्जात जात लिहावी लागत नाही, आणि तो फुकट पुसता येतो. हे आपल्यातल्या कित्येकांना ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

आपण आपली पत्रकं, भाषणं, अत्याचाराच्या बातम्या, सगळं परक्याच्या भिंतीवर चिकटवतो. फेसबुकची भिंत, यूट्यूबची भिंत. मालकाच्या मनात आलं तर एका रात्रीत भिंत धुऊन निघेल, आणि आपण दाद मागायची कुणाकडे? १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ केले तरी छापली नाही. बाबासाहेब विनवण्या करत बसले नाहीत. आपलं पत्र चालवलं, पुढं आपला छापखाना घातला. आजचा छापखाना म्हणजे आपल्या नावाचं डोमेन. आणि त्या छापखान्याच्या दाराचं कुलूप म्हणजे हे प्रमाणपत्र. वाचणारा आणि आपण यांच्यामधला मजकूर वाटेत कुणाला वाचता येऊ नये, बदलता येऊ नये, एवढ्यासाठी ते लागतं.

मी माळशिरसचा. तालुक्यातल्या पोरांसाठी शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, जात पडताळणीचे कागद यांची माहिती एका जागी असावी म्हणून आम्ही काहींनी डोमेन घेतलं आणि ॲमेझॉनच्या क्लाउडवर मांडलं. प्रमाणपत्र एपीआयमधून मागितलं. एपीआय म्हणजे खिडकीच, पण तिच्यामागं साहेब बसलेला नाही. ठरलेल्या शब्दांत विचारा, ठरलेल्या शब्दांत उत्तर येतं. ‘रिक्वेस्ट सर्टिफिकेट’ हा हुकूम पाठवायचा, त्यात डोमेनचं नाव आणि तपासणीची पद्धत लिहायची. पद्धत डीएनएसची घेतली. डीएनएस म्हणजे नावांची वही. कुठलं नाव कुठल्या संगणकावर राहतं ते तिच्यात असतं, आणि आपल्या नावाच्या पानावर लिहायचा हक्क फक्त आपल्याला. मग ‘डिस्क्राइब सर्टिफिकेट’ विचारलं की एक सी-नेम नोंद मिळते, वेड्यावाकड्या अक्षरांची जोडी. ती आपल्या पानावर लिहायची. बस्स. यंत्र स्वतः येऊन वही बघतं. नोंद सापडली की ‘प्रलंबित’चं ‘दिलं’ होतं. ७२ तासांत सापडली नाही तर अर्ज बाद, पुन्हा करा. प्रमाणपत्र वापरात असेल आणि ती नोंद जागेवर असेल तर नूतनीकरणही ते आपोआप करतं.

याला डोमेन व्हॅलिडेटेड प्रमाणपत्र म्हणतात. त्याचा प्रश्न एकच : हे नाव आत्ता तुझ्या ताब्यात आहे का? तू कोण, कुणाचा, कुठल्या आळीतला, तुझा बाप काय करत होता, हे ते विचारत नाही.

आता आपल्या सरकारचा दाखला बघा. अनुसूचित जातीच्या पोराने जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आणायचा. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींनी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. म्हणजे आज्या-पणज्याचा शाळेचा दाखला, नाहीतर महसुलाची जुनी नोंद. ज्याला शाळेच्या दारात उभं केलं जात नव्हतं त्याचा शाळेचा दाखला मागतात! ज्यांना इंग्रजांनी गुन्हेगार ठरवून आमच्याच जिल्ह्यात, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणात कोंडलं, ज्यांच्यावरचा तो कायदा १९५२ साली उठला, त्यांनी गावाची नोंद कुठून आणायची? अर्ज आता संगणकावर भरतात, हे खरं. पण खिडकी बदलली, प्रश्न तोच राहिला. माळशिरस ते सोलापूर शंभर किलोमीटरच्या वर. समितीने मूळ कागद घेऊन बोलावलं की पोराची मजुरी बुडते आणि बापाचीही.

तपासणीच नको असं मी म्हणत नाही. खोटे दाखले काढून आपल्या जागा खाणारे चोर थोडे नाहीत. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने छाननी समित्या नेमायला सांगितलं ते याच चोरीमुळे, आणि तो खटला महाराष्ट्रातलाच. जातीची जखम जन्माने मिळते, म्हणून तिचा पुरावा जन्माकडे जाणार, हेही मला कळतं. माझं भांडण तपासायच्या रीतीशी आहे. यंत्र जे बघायचं ते स्वतः जाऊन बघतं. जुनी दप्तरं सरकारच्याच कोठीत आहेत, तर शोधायला पोराला का पिटाळता? स्वतः शोधा. यंत्र मुदत सांगतं आणि अर्ज कुठं अडलाय ते विचारलं की सांगतं. यंत्र एका साक्षीवर विसंबत नाही. मधला कुणी फसवू नये म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून तीच नोंद पडताळायची, असा नियम आता झालाय. निर्जीव यंत्राला जमतं ते पगारी व्यवस्थेला का जमू नये?

पण मित्रांनो, यंत्राच्या आरत्याही नकोत. एक तर हे कुलूप आतला माणूस सज्जन आहे असं सांगत नाही. लुबाडणाऱ्यालाही ते मिळतं. ते फक्त नावाचा ताबा सांगतं. दुसरं, कुणाचं प्रमाणपत्र खरं मानायचं त्याच्या याद्या गुगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला यांच्या हातात. २०१४ साली आपल्या एनआयसीच्या यंत्रणेतून गुगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रं निघाली, तेव्हा गुगल आणि मायक्रोसॉफ्टने ती झटक्यात नाकारली. तिथं ते बरोबर होते. पण वेशीचं दार कुणाच्या हातात आहे तेही तेव्हाच दिसलं.

आणि तिसरं, सगळ्यात मोठं. प्रत्येक प्रमाणपत्रामागं एक खाजगी किल्ली असते. क्लाउडच्या साध्या, फुकट प्रकारात ती किल्ली आपल्या हातात येतच नाही, कंपनीच्या तिजोरीत राहते. बाहेर नेता येईल असा प्रकार ॲमेझॉनने २०२५ मध्ये काढला, त्याला पैसे पडतात. शिवाय क्लाउडचं खातं उघडायलाच पैसे भरायचं साधन जोडावं लागतं. महार वतनाच्या जमिनींचं ठिकठिकाणी काय झालं ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. सातबाऱ्यावर नाव आपलं, वहिवाट दुसऱ्याची. संकेतस्थळाचं तसं होऊ द्यायचं का?

दुसरी वाट आहे. ‘लेट्स एनक्रिप्ट’ ही ना-नफा संस्था डिसेंबर २०१५ पासून सगळ्यांना फुकट प्रमाणपत्रं देते. सर्टबॉटसारखं साधन आपल्या सर्व्हरवर बसवा. किल्ली तिथंच तयार होते, तिथंच राहते, मागणी तेवढी बाहेर जाते. कार्ड नको. तपासणी त्याच जातीची, फक्त नाव ताब्यात आहे का एवढीच. कष्ट थोडे जास्त पडतात, सर्व्हर सांभाळायला शिकावं लागतं. पण शिकणं टळणार नाहीच. एप्रिल २०२५ मध्ये ठरलंय की १५ मार्च २०२९ पासून नवं प्रमाणपत्र ४७ दिवसांच्या वर निघणार नाही. दर दीड महिन्याला हातानं कोण करत बसणार? एपीआयला हुकूम देणारा माणूस आपल्यात असलाच पाहिजे.

म्हणून पुण्या-मुंबईत संगणक शिकलेल्या पोरांनो, कंपनीची कुलपं दिवसभर लावता, एक रविवार चळवळीला द्या. आपल्या वस्तीतल्या वाचनालयाला, वसतिगृहाला, मासिकाला आपापलं डोमेन घेऊन द्या. तिथल्या दोघांना, त्यातल्या एका पोरीला तरी, किल्ली कशी सांभाळायची ते शिकवा. स्वतःच्याच खिशात ठेवून नवा येसकर होऊ नका. आणि त्याच जागेवर पडताळणीचे कागद, मुदती, अपिलाच्या वाटा लिहा. कुणाचा अर्ज किती दिवस कुठं पडलाय तेही लिहा, नाव झाकून, तारखेसकट. नाव आपलं, किल्ली आपली, वहिवाटही आपलीच पाहिजे.

जय भीम.