डोंगरावरचा लेख वाचा!

दोस्तांनो, नाताळची सुट्टी जवळ आली की आपल्या पोरांत दोन गट पडतात. एक म्हणतो, महाडला जाऊ. दुसरा म्हणतो, लेणी बघू. महाडात दोन्ही आहे, म्हणून दोन्ही गट एकाच टेम्पोत. क्रांतिस्तंभाला सलाम, चवदार तळ्यावर फोटो, गांधारपाल्याच्या लेण्यात मेणबत्ती, पुन्हा फोटो. रात्री घरी. झाला कार्यक्रम! मला ह्या कार्यक्रमाबद्दलच बोलायचंय. राग आला तर येऊ द्या.

महाडच्या नगरपालिकेनं १९२४ सालीच तळं सर्वांना खुलं केलं होतं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागं आपली माणसं खरोखर पाणी प्याली, तेव्हा त्यांची डोकी फुटली. पाणी बाटलं म्हणून तळ्यात शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केलं. जनावराचा मूत चालतो, माणसाची ओंजळ चालत नाय! मग २५ डिसेंबरची परिषद. मुंबईची मंडळी पद्मावती बोटीनं दासगावला उतरली. सभेला जागा कुणी देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं दिली. त्या रात्री मनुस्मृती जळाली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. तळ्यावर जायला मात्र कोर्टाची मनाई. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. घोटभर पाण्यासाठी दहा वर्षं!

हे आपल्याला पाठ आहे. भाषणात येतं. आता त्याच गावाजवळच्या डोंगरावर चला.

गांधारपाल्याची तीसेक लेणी म्हंजे भिक्खूंचा विहार. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला. तिथं ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराचं दान. काय दिलं त्यानं? लेणं, चैत्यगृह, आठ ओवऱ्या. लेण्याच्या दोन्ही अंगांना दोन पोढ्या, म्हंजे पाण्याची टाकी. आणि तिथं जायची वाट. राजाचा पोर कोरून ठेवतो : पाणी दिलं, वाट दिली. आणि त्याच डोंगराखालच्या गावात पुढं काय झालं? पाणी अडवलं, वाट अडवली. हे मधलं काय झालं, कुणी केलं, हा प्रश्न त्या दगडापुढं उभं राहून पडला नाही तर डोंगर चढलात कशाला?

मी गेलो त्या दिवशी एक गृहस्थ बायकापोरांना सांगत होते, ‘ही पांडवांनी एका रात्रीत कोरली बरं का.’ शेजारी आपलीच दोन पोरं उभी. गळ्यात निळे रुमाल. एकाच्याही तोंडून निघालं नाही की, काका, दान कुणाचं ते इथं लिहिलंय. कसं निघणार? वाचता येत नव्हतं. पांडवांचं नाव आपल्या गप्प बसण्यानं टिकलंय, दोस्तांनो. भटाला एकट्याला शिव्या देऊन भागणार नाही.

कुणी म्हणेल, राजपुत्राच्या दानाचं कौतुक आम्हाला कशाला? बरोबर आहे. सोन्याचा काळ होता असं मीही म्हणत नाही. ती टाकी भिक्खूंसाठी होती, गावासाठी होती असं लेख सांगत नाही. पण जवळच कुड्याच्या लेण्यांत जा. तिथं दान देणाऱ्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. कष्टकऱ्याचं नाव देवाधर्माच्या जागी कोरलं जात होतं, हे तर खरं? मनूच्या राज्यात ते नाव आत घ्यायचं सोडा, त्याची सावलीही बाहेर ठेवली.

आणि विहार म्हंजे देऊळ नव्हे. भिक्खूंनी राहायचं, शिकायचं, वाद घालायचा, ती जागा. दगडी ओटे झोपायला होते, अगरबत्त्या खोचायला नव्हे. आपण तिथं हात जोडतो, नवस तेवढा बाकी ठेवतो. उद्या तोही बोलू!

तेव्हा यंदाच्या २५ डिसेंबरला मेणबत्त्या कमी न्या, वही न्या. ब्राह्मी जेम्स प्रिन्सेपनं १८३७ सालात उलगडली. परक्या मुलखातला माणूस वाचू शकला, आपण का नाही? मुळाक्षरं मोजकी आहेत, बसून गिरवली तर येतात. प्रत्येक वस्तीतून दोघांनी शिकायचं, बाकीच्यांना शिकवायचं. पांडवांची गोष्ट सांगणारा भेटला की भांडायचं नाही, बोट ठेवून लेख वाचून दाखवायचा.

पण शिकायला बसणार कुठं? वस्तीत विहार आहे. जयंतीला उघडतो, लग्नाला उघडतो, एरवी कुलूप. डोंगरातल्या विहाराला दार उरलेलं नाही, आपल्या विहाराला कुलूप आहे. त्याची किल्ली कुणाकडे आहे ते उद्याच विचारा. दिली नाही तर सगळे मिळून पुन्हा विचारा.