चार चाकांचे एक माप

व्यापाऱ्याच्या घरी गाडी येते ती बहुधा हिशेब करूनच येते. परंतु एकदा दारात उभी राहिली की तिच्या टायरांचा हिशेब आपण कोणी ठेवीत नाही. एक फुटला, एक आणला. दोन झिजले, दोन बदलले. साध्या गाडीस हे पुष्कळसे चालून जाते. परंतु बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे वारंवार जाणेयेणे असल्यामुळे आपल्यापैकी काहींनी आता चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्या घेतल्या आहेत. अशा गाडीस ही काटकसर मानवत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते आम्ही पदरमोड करून बनविले आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीच्या पुढील एका टायरास दगडाने चीर पडली. चारही टायर निम्मे झिजलेले होते. दुकानदाराने पुढे दोन नवे घालण्यास सांगितले, तेही निराळ्या कंपनीचे. आम्ही घासाघीस करून आणखी दोनशे रुपये उतरवून घेतले व समाधानाने घरी आलो. त्यानंतर सरळ, कोरड्या रस्त्यावरही घसरत्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा मधूनच लुकलुकू लागला. चिरंजीवांनी बटण दाबून ती ट्रॅक्शन कंट्रोलची यंत्रणाच बंद करण्याचा परिपाठ ठेवला; पण गाडी नव्याने सुरू केली की ती पुन्हा आपोआप जागी होई. पुढे ऐन श्रावणात, सूनबाई व नातू गाडीत असताना, घाटाच्या चढणीवर एका ट्रकास मागे टाकते वेळी इंजिनाचा जोर एकाएकी गळाला. पाय दाबलेलाच, पण गाडी पुढे सरेना. आणि समोरून बस येत होती. ट्रकवाल्याने वेग कमी करून वाट दिली, म्हणून निभावले. त्या भल्या माणसाचे आभार मानण्याचेही राहून गेले.

असे का झाले, हे आम्ही नंतर समजून घेतले. प्रत्येक चाकापाशी त्याचे फेरे मोजणारा एक सेन्सर असतो. एखादे चाक इतरांपेक्षा भराभर फिरू लागले की ते घसरले, असे गाडीतील संगणक समजतो. त्या चाकास ब्रेक लावतो व इंजिनाचा जोर कमी करतो. चिखलात हे वरदानच होय. परंतु झिजलेला टायर घेराने लहान, म्हणून तो न घसरताही जास्त फिरतो. २१५/६० आर १७ या मापाचा नवा टायर घ्या. त्याचा घेर हिशेबाने सुमारे २१६७ मिलिमीटर. त्याची नक्षी ४ मिलिमीटर झिजली की घेर २५ मिलिमीटरांनी घटतो आणि दर किलोमीटरास पाच फेरे अधिक होतात. वळणावर चाके कमीजास्त फिरणारच, म्हणून थोडा फरक संगणक पोटात घालतो. पण फरक वाढला, त्यात ओल्या चढणीवरची थोडीशी खरी घसरण मिळाली, की त्याचा निवाडा चुकतो. खोट्या मापावर खरा तराजू तरी काय करणार?

दुसरे नुकसान डोळ्यांस दिसत नाही. पुढची व मागची चाके जोडणारा जो क्लच किंवा डिफरन्शियल असतो, त्यास हा फरक गाडी सरळ जात असतानाही सतत सोसावा लागतो. एक बैल झपाट्याने चालणारा व दुसरा सावकाश, अशी जोडी जुंपली तर जू दोघांच्याही मानेस घासते, त्यातलाच प्रकार. आतील तेल तापते, पाती झिजतात, आणि त्या दुरुस्तीपुढे चार टायरांची किंमत काहीच नव्हे. जपानच्या सुबारू कंपनीने चार टायरांच्या घेरांत पाव इंचाहून अधिक फरक नको, असे सांगितले आहे. पाव इंच घेर म्हणजे नक्षीच्या खोलीत जेमतेम एक मिलिमीटर! शिवाय दोन कंपन्यांच्या टायरांवर माप एकच छापलेले असले तरी प्रत्यक्ष घेर तंतोतंत सारखा असेलच असे नाही.

यावर कोणी म्हणेल, की एका चिरेसाठी तीन चांगले टायर टाकून द्यावयाचे काय? प्रश्न रास्त आहे, आम्हीही तो विचारला होता. टायर अगदी नवे असतील तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एक आणून भागते. निम्मे झिजले असतील तर मात्र चार घ्यावेत, हेच आम्ही सांगू. अमेरिकेत नवा टायर तासून जुन्यांच्या बरोबरीस आणून देणारी दुकाने आहेत. आपल्याकडे ती सोय सहसा मिळत नाही. त्यापेक्षा दर आठ-दहा हजार किलोमीटरांस चाकांची अदलाबदल करावी, म्हणजे झीज सारखी होते. स्टेपनी पूर्ण मापाची असल्यास तिलाही या फेऱ्यात घ्यावे. हवा महिन्यातून दोनदा तरी तपासावी. आणि दिवा लुकलुकला तर बटण दाबून त्याचे तोंड बंद करू नये; आमच्या घरी तो अपराध घडला आहे.

दुकानदारास आम्ही फारसा दोष देत नाही. स्वस्तातले दोन मागणारे गिऱ्हाईक आम्हीच होतो. पुढे चारही टायर बदलले. काढलेले टायर सध्या गोदामात पोत्यांच्या थप्पीमागे आहेत, आणि प्रत्येकावर नक्षीची खोली खडूने लिहून ठेविली आहे.