उपग्रह असले तरी विमान हवंच

आकाशातून उपग्रह चोवीस तास पाळत ठेवत असताना चक्रीवादळात विमान घालणं म्हणजे नसती उठाठेव, असं म्हणणाऱ्यांचे तीन मुद्दे असतात: यंत्रं पुढे गेली, धोका मोठा, खर्च अफाट. तिन्ही तपासून पाहू.

उपग्रहाला दिसतो ढगांचा माथा. त्याच्या आकारावरून वाऱ्याचा जोर ठरवणारी ड्वोराक पद्धत कामाची आहे, पण तिचं उत्तर अंदाजच असतं. १९७९ च्या ‘टिप’ टायफूनच्या नावावर ८७० हेक्टोपास्कल या नीचांकी दाबाचा विक्रम आहे, कारण अमेरिकी विमानानं तिथे शिरून तो मोजला. १९८७ मध्ये पश्चिम पॅसिफिकमधली ही नियमित उड्डाणं अमेरिकेनं बंद केली. म्हणूनच २०१३ चं ‘हैयान’ टायफून टिपच्या तोडीचं होतं का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

विमानातून सोडतात ते ड्रॉपसाँड म्हणजे हातभरही लांब नसलेली नळी. छोट्या पॅराशूटला लोंबकळत ती खाली येते आणि दाब, तापमान, आर्द्रता, वारा रेडिओनं कळवत समुद्रात पडते. ढगांच्या आत, थरागणिक काय चाललंय ते असं कळतं.

‘मग अधिक चांगले उपग्रह सोडा!’ सोडलेच की. डिसेंबर २०१६ मध्ये नासानं मुसळधार पावसातूनही वारा मोजणारे आठ सायग्नस उपग्रह पाठवले. तेही विमानाच्या पोटाखालून सुटलेल्या पेगासस रॉकेटनं. पण सोसाट्याच्या वाऱ्यांचं त्यांचं गणित बसवायला विमानांचीच मोजमापं लागली. तराजू खरा की खोटा, हे शेवटी प्रमाणित वजनच सांगतं.

धोका मात्र खराच. १९५५ मध्ये ‘जॅनेट’ वादळात अमेरिकी नौदलाचं विमान अकरा जणांसह बेपत्ता झालं. १९८९ मध्ये ‘ह्यूगो’त अवघ्या साडेचारशे मीटरवरून शिरलेल्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, ते कसंबसं सुटलं. पण पोटात शिरणं हा एकच मार्ग नाही. तैवान २००३ पासून वादळाभोवती उंचावरून जेट फिरवून ड्रॉपसाँड टाकतो.

राहिला खर्च. तैवानसारख्या चिमुकल्या बेटाला जो झेपतो, तो आपल्याला जड का व्हावा? २०१९ मध्ये ‘फनी’ चक्रीवादळाच्या आधी ओडिशानं दहा लाखांहून अधिक माणसं हलवली. इतक्या संसारांची उचलबांगडी ज्या अंदाजावर होते, त्याला प्रत्यक्ष मोजमापाचा आधार नको? १९९९ च्या ओडिशा महाचक्रीवादळाचा ९१२ हेक्टोपास्कल हा दाबही अंदाजानंच ठरवलेला आहे.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २००९ पासून ढगांमध्ये संशोधन-विमानं नेली आहेत, म्हणजे जाणकार घरातच आहेत. उपग्रह हवेतच; पण बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रासाठी वादळं मोजणारं नियमित विमानपथक उभारणं ही चैन नव्हे, सरकारनं आता पार पाडायची जबाबदारी आहे.