भिंतीपलीकडे कोण बसते, तेही मोजा

कॅन्सरच्या रुग्णाला ‘लाईट’ किंवा ‘शेक’ देतात, त्या यंत्राला लिनॅक म्हणतात. विजेच्या बळावर इलेक्ट्रॉनला प्रचंड वेग देऊन ते धातूवर आदळवतात आणि त्यातून जोरदार क्ष-किरण निघतात. त्याची भीती आपल्या वस्त्यांत फार. रुग्णाचे ताट वेगळे होते, लेकरांना जवळ जाऊ देत नाहीत. ही भीती निराधार आहे. यंत्र बंद झाले की किरण बंद. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात काही उरत नाही. त्याला जवळ घ्या, सोबत जेवा. वेगळ्या ताटाचे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक? थायरॉइडसाठी आयोडीनचे औषध घेतलेल्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस अंतर पाळावे.

लक्ष द्यायचे ते त्या खोलीच्या भिंतीकडे. झोत थेट पडतो ती भिंत साधारण दोन मीटर किंवा त्याहून जाड काँक्रीटची असते. सुमारे ४० सेंटीमीटर काँक्रीटमधून किरणांचा दहावा भागच पुढे जातो. असे पाच थर झाले की लाखातला एक भाग उरतो. आत जायची वाट वळणाची ठेवतात आणि दार उघडताच यंत्र आपोआप बंद होते.

पण भिंत किती जाड, हे फक्त यंत्रावर ठरत नाही. पलीकडे माणूस किती वेळ थांबतो, हेही हिशेबात धरतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकेतील एनसीआरपीच्या १५१ क्रमांकाच्या अहवालात ऑफिस आणि नर्सची जागा पूर्ण वेळ धरली आहे. कॉरिडॉर एक पंचमांश, बाहेरची बसायची जागा विसावा भाग आणि जिना चाळिसावा भाग. सर्वसामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरण मिळू नयेत, ही आपल्या देशातील मर्यादा आहे.

आमचा प्रश्न इथेच आहे. आपल्या सरकारी दवाखान्यांत जिन्यात फक्त ये-जा होते का? गावाहून आलेले नातेवाईक तिथेच सतरंजी टाकून दिवस काढतात. रखवालदार आठ तास एकाच खुर्चीवर असतो. सफाईच्या ताई स्टोअररूममध्येच डबा खातात. ही बहुतेक आपलीच माणसे. कागदावर ती ‘क्षणभर थांबणारी’ ठरता कामा नयेत.

याचा अर्थ तिथे धोका आहेच, असा नाही. मोजणी खरी असली तर भिंत आपले काम चोख करते. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. नकाशा काढताना प्रत्यक्ष कोण कुठे बसते ते पाहा. शेजारच्या खोलीचा वापर बदलला तर हिशेब नव्याने करा आणि किरण पुन्हा मोजा. कंत्राटी कामगारांनाही लाल दिवा, किरणांची खूण आणि यंत्र थांबवायचे बटण समजावून सांगा, तेही मराठीत.

दवाखान्यात किरण सुरक्षा अधिकारी असतो. त्याला विचारायला लाजू नका. आणि भिंतीच्या भीतीने शेक मात्र अर्धवट सोडू नका.