‘तेव्हा कोणाला ठाऊक होते?’ : ॲस्बेस्टॉसची दप्तरे आणि कंपन्यांचा बचाव

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक तंबी मिळते : गतकाळाला आजच्या मापाने तोलू नका. तंबी योग्यच आहे. मात्र गेल्या शतकात तिचा सर्वाधिक लाभ उठवला तो कंपन्यांच्या वकिलांनी. कामगारांची फुप्फुसे निकामी झाली, दावा दाखल झाला, की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘त्या काळी या धोक्याची कल्पना कोणालाच नव्हती.’ वरवर हा कायद्याचा युक्तिवाद वाटतो. वस्तुतः हे इतिहासाविषयीचे विधान आहे, आणि इतिहासाच्या साधनांनी ते तपासता येते. या धाग्यात ॲस्बेस्टॉसपुरते ते तपासू.

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज. ते कातता येते, विणता येते आणि जळत नाही. म्हणून बॉयलरच्या वेष्टनापासून गाड्यांच्या ब्रेकपर्यंत आणि घरावरच्या सिमेंटच्या पत्र्यांपर्यंत ते सर्वत्र पोचले. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसात रुततात. रोग प्रकट व्हायला बहुधा वीस-तीस वर्षे लागतात, कधी त्याहूनही अधिक. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, व्यवस्थापक बदललेला असतो, पुष्कळदा कंपनीचे नावही.

१८९८ साली ब्रिटनच्या कारखाना-निरीक्षक ल्यूसी डीन यांनी आपल्या अहवालात ॲस्बेस्टॉसच्या धुळीचे दुष्परिणाम नोंदवले. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेसारखे टोकदार दिसतात, हेही लिहिले. १९०६ मध्ये लंडनचे डॉ. माँटेग्यू मरे यांनी सरकारी समितीपुढे आपल्या एका मृत रुग्णाची हकिकत मांडली. त्याच्याबरोबर एकाच खोलीत काम करणाऱ्या दहा जणांपैकी मागे उरलेला तो एकटाच होता. १९१८ मध्ये अमेरिकी कामगार खात्याच्या एका पत्रिकेत फ्रेडरिक हॉफमन यांनी नमूद केले, की विमा कंपन्या ॲस्बेस्टॉस कामगारांना आयुर्विमा देण्याचे टाळतात. मला यातला सर्वांत बोलका पुरावा हाच वाटतो. विमा कंपनीला कोणाविषयी कळवळा नसतो, ती फक्त हिशेब करते. आणि तो हिशेब १९१८ मध्येच झालेला होता.

नेली कर्शॉ लँकेशायरमधल्या रॉचडेल गावी टर्नर ब्रदर्सच्या गिरणीत ॲस्बेस्टॉसचे सूत कातत असे. ती आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी दाखला दिला, की हा आजार कामातून जडलेला आहे. आजार कामातला, म्हणून आरोग्य विम्याच्या संस्थेने पैसे नाकारले. आणि भरपाईच्या कायद्यातील रोगांच्या यादीत हा रोगच नव्हता, म्हणून कंपनीने हात झटकले. १४ मार्च १९२४ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी ती वारली. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावण्यासही कंपनीने नकार दिला. एकदा दिले तर पायंडा पडेल, ही तिची भीती होती. या भीतीचा अर्थ नीट पाहा. एकच बाई आजारी असती, तर पायंड्याचे भय कशाला वाटले असते? तिच्या फुप्फुसांची तपासणी डॉ. विल्यम कुक यांनी केली आणि ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याच वर्षी छापूनही आली.

पुढे मेरिवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारसाठी ३६३ कामगार तपासले. सुमारे चौथ्या हिश्शाच्या फुप्फुसांना व्रण होते. हा अहवाल १९३० चा. १९३१ मध्ये धूळ रोखण्याचे नियम झाले, तेही कारखान्यातील ठरावीक विभागांपुरते.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. कर्करोगाशी असलेला संबंध पक्का व्हायला पुढची काही वर्षे गेली. रॉचडेलच्याच कामगारांचा अभ्यास करून रिचर्ड डॉल यांनी १९५५ मध्ये तो दाखवला. परंतु तो निबंध प्रसिद्ध होऊ नये म्हणून कंपनीने खटपट केली होती. अज्ञान असणाऱ्याला असली खटपट करावी लागत नाही.

अमेरिकेतला पुरावा तर थेट पत्रव्यवहारातला आहे. ऑक्टोबर १९३५ मध्ये रेबेस्टॉस-मॅनहॅटन कंपनीचे अध्यक्ष समनर सिम्प्सन यांनी जॉन्स-मॅनव्हिलचे वकील व्हँडिव्हर ब्राउन यांना कळवले, की या विषयावर जितके कमी बोलले जाईल तितके आपल्या हिताचे. ब्राउन यांनी तत्काळ सहमती दर्शवली. ही पत्रे बाहेर आली १९७७ मध्ये, खटल्यांच्या ओघात. म्हणजे मधली चाळीस वर्षे कामगार त्याच धुळीत उभे होते. दाव्यांचा ओघ वाढताच १९८२ मध्ये जॉन्स-मॅनव्हिलची वारस असलेल्या मॅनव्हिलने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी बुडालेली नव्हती. तिला भावी दाव्यांपासून आडोसा हवा होता.

टर्नरच्या दप्तरांची गोष्ट आणखी विलक्षण. टर्नर ब्रदर्स ही टर्नर अँड न्यूऑल या समूहातली कंपनी. चेस मॅनहॅटन बँकेने आपल्या इमारतीतील ॲस्बेस्टॉसबद्दल या समूहावर दावा लावला आणि तो ती १९९५ मध्ये हरली. पण त्यानिमित्ताने कंपनीची लक्षावधी पाने खुली झाली आणि त्यांच्या आधारे जेफ्री ट्वीडेल यांनी या कंपनीचा इतिहास लिहिला. कामगारांना जे दप्तर कधी दिसले नाही, ते एका बँकेच्या इमारतीपायी उघडले!

या समूहाचा हात मुंबईपर्यंत होता. घाटकोपरची हिंदुस्थान फेरोडो ही त्याचीच कंपनी. तिथे ब्रेकचे अस्तर बनत असे. भारतात याबाबतचा महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिला, तो अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यातले तत्त्व सर्वांना ठाऊक असते. माझे लक्ष वेधते ते त्यातले एक रुक्ष कलम : प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर जपून ठेवावी. न्यायालयाने रोगाचे वय ओळखून कागदाचे वय ठरवले.

दोष एवढाच, की तो कागद मालकाच्याच कपाटात राहतो. ज्याच्याविरुद्ध पुरावा, तोच पुराव्याचा रखवालदार. माझ्या मते धुळीची मोजमापे आणि कामगारांच्या तपासण्या यांची एक प्रत दर वर्षी सरकारी अभिलेखागारात जमा करण्याची सक्ती हवी, आणि कंपनी विकली गेली, नाव बदलले किंवा दिवाळखोरी पुकारली, तरी ती प्रत कामगाराला व त्याच्या वारसांना मागता यावी. भारतात या खनिजाच्या खाणींना बंदी आहे, पण आयात चालूच आहे आणि त्याचे पत्रे आजही बनतात. ते बसवताना कापणारा, पाडकामात फोडणारा माणूस बहुधा रोजंदारीवर किंवा कंत्राटदाराकडे असतो. त्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर टिकत नाही. २०५५ मध्ये त्याच्या छातीचा एक्स-रे निघेल, तेव्हा तो कोणत्या साली कोणाकडे कामाला होता, हे सांगणारा कागद आज कोणी लिहीत आहे काय?